दात येतायत म्हणे

माझ्या मावशीचं पाळणाघर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सतरंजी, आतल्या खोलीत स्वयंपाक आणि मधल्या दारात पाय पसरून बसलेले काका. काकांनी आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवली. निवृत्त झाल्यावर ते पोरांना मांडीवर घेऊन तोंडाने गिअर बदलत. मावशीला स्वतःचं मूल नव्हतं. त्यावर तिच्यासमोर हळहळायची कुणाची छाती नव्हती आणि तिलाही तेवढी फुरसत नव्हती. इमारतीमागे पॅकिंगचा कारखाना होता. तिथे कामाला जाणाऱ्या बाया सकाळी पोरं तिच्या हवाली करत आणि भोंगा व्हायच्या आत धडाधड जिना उतरत.

स्वच्छतेच्या बाबतीत मावशी फौजदार. पाणी उकळायचं, गाळायचं, झाकायचं. काका म्हणत, "आमच्या घरात पाण्यालासुद्धा चटका खाल्ल्याशिवाय प्रवेश नाही." आणि पाळणाघराचा नियम एकच, आजारी मूल आणायचं नाही.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी गोट्याची आई आली. गोट्या अजून वर्षाचाही नव्हता. गोल गरगरीत, म्हणून गोट्या. त्याचा बाप कामासाठी दूर राहायचा, आई कारखान्यात खोक्यांना पट्ट्या लावायची.

"किरकिर करतोय जरा. दात येतायत म्हणे," ती मान खाली घालूनच म्हणाली आणि पळाली.

तासाभरात गोट्याने दूध उलटून टाकलं. मग जुलाब सुरू झाले, पाण्यासारखे. मावशी कपडे बदलून थकली. दुपारी काकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि त्यांच्या तोंडातला गिअर बंद पडला.

"अगं, हा रडतोय, पण डोळ्यांत टिपूस नाही. आणि सकाळपासून लघवीही झालेली नाही."

मावशीने बाकीची पोरं शेजारणीच्या हवाली केली आणि पदर खोचला. काकांनी समोरची रिक्षा थांबवली. दवाखान्यात पोचेपर्यंत गोट्याचं रडणंही मंदावलं होतं. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं. "वेळेवर आणलंत," एवढंच ते म्हणाले, आणि काका आईला निरोप द्यायला कारखान्याकडे निघाले.

निरोप मिळताच आई कामाच्या एप्रनवरच धावत आली. पोराने डोळे उघडलेत हे बघून तिचा जीव भांड्यात पडला. जुलाब रात्रीपासूनच होते हे तिने डॉक्टरांना सांगितलं, आणि मग मावशीचा तोफखाना सुरू झाला.

"दात येत होते ना? रात्री जुलाब झाले हे सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत त्याला?"

मावशी गोट्याचं पांघरूण सारखं करू लागली.

"खाडा झाला की माझी जागा दुसरीला देतात, मावशी. ह्या जुलाबांवरच्या लसीचे थेंब पाजायच्या दिवशीसुद्धा सोडलं नाही मला. राहिले ते राहिलेच." असं म्हणून ती रडायला लागली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढच्या दोन-तीन दिवसांत आणखी तीन पोरं आजारी पडली. मावशीच्या जिव्हारी लागलं. "माझ्या घरचं पाणी बाधलं म्हणतील लोक!" दवाखान्यातल्या नर्सबाई सगळ्यांना बघायला घरी आल्या, तेव्हा तिने आधी पाण्याचा पेलाच त्यांच्यापुढे धरला. बाईंनी तो घटाघट पिऊन टाकला.

"पाणी छान आहे. पण हा विषाणू पाण्यावाचून अडून बसत नाही, मावशी. हातावर बसतो, खेळण्यावर बसतो. सगळ्यांची तोंडं पुसायला हा एकच टॉवेल का?"

संडास गॅलरीच्या टोकाला, चार घरांत मिळून एक. तिथे नळ नव्हता. मूल धुऊन आणलं की मावशी बादलीत हात बुडवायची आणि पुढच्याला भरवायला बसायची.

"बुडवलेले हात म्हणजे धुतलेले हात नव्हेत," बाई हळूच म्हणाल्या. "साबण हवा, वाहतं पाणी हवं."

मावशी दिवसभर फुगून बसली. काकांनीच तिला समजावलं, "एवढी वर्षं बस चालवली, तरी मागच्याचा हॉर्न ऐकावाच लागायचा मला."

दुसऱ्या दिवशी काकांनी तोटीचं पिंप आणून गॅलरीत बसवलं आणि शेजारी साबण दोरीला टांगला. मावशीने जुनी चादर फाडून प्रत्येकाला वेगळं फडकं केलं, ओळखू यावं म्हणून कुणाच्या फडक्यावर मासा, कुणाच्या छत्री असं काढलं. आणि नियम बदलला. "आजारी मूल चालेल, लपवलेलं चालणार नाही." आजाऱ्यांसाठी आतली खोली ठरली. चूल बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात गेली आणि काकांची नेमणूक आत झाली. हात धुऊन, मांडी घालून ते जलसंजीवनीचे चमचे पाजत. "एक घोट, एक स्टॉप. घाई करायची नाही, गाडी लागेल."

मग पोरांच्या आयांना घेऊन मावशी थेट कारखान्याच्या साहेबांपुढे उभी राहिली. त्यांनी खुर्ची दिली, पण ती बसली नाही. "पोर आजारी असलं तर आईची जागा जाता कामा नये. आणि थेंबाच्या दिवशी तिला सोडा. एवढंच बोलायला आलेय." साहेब पुष्कळ घोळ घालत राहिले. शेवटी जागा राहील, थेंबाच्या दिवशी अर्धी सुट्टी मिळेल, एवढं कबूल झालं. पगारी रजा नाहीच मिळाली. त्यावरून मावशी अजून धुसफुसते.

पुढच्या थंडीत आजार पुन्हा आलाच. दोन पोरांना झाला, पण सलाईन लावायची पाळी कुणावर आली नाही. मी तेव्हा तिच्याकडे राहायला गेले होते. सकाळी जिन्यातूनच एक आई अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडत आली,

"मावशी, हिला रात्रीपासून उलट्या होतायत हो!"

"ऐकू येतं मला, ओरडू नकोस," मावशी हातांना साबण चोळत म्हणाली. "काल काय खाल्लं तिने, लघवी कधी झाली, सगळं सांग. आणि पळ, भोंगा होईल."