मुनीरसरांचा राहिलेला गोल

आमच्या फुटबॉल टीमने गोल मारला की सगळ्या पोरी मैदानात नाचायच्या आणि मुनीरसर खिशातून अडकित्ता काढून सुपारी कातरत बसायचे. "झालं का नाटक? आता मागे या," एवढंच कौतुक. पण आम्ही समोरच्यांचा गोल अडवला, की शेजारच्याच्या पाठीत अशी थाप मारायचे की त्यांच्या शेजारी बसायला कोणी तयार नसे.

सर स्वतः पंचवीस वर्षं बॅक म्हणून खेळले. आयुष्यात एकही गोल नाही. पुढे सकाळी आम्हाला शिकवायचे आणि दिवसभर बुधवार पेठेतल्या दुकानात मिक्सर दुरुस्त करायचे. गिऱ्हाईक आणि फॉरवर्ड त्यांच्या मते एकाच जातीचे: दोघांनाही घाई आणि अक्कल बेताची. मी लेफ्ट बॅक. पहिल्याच दिवशी बॉलमागे धावत सुटले तेव्हा म्हणाले, "अहो बाई, बॉल कुठे पळून जात नाही. समोरचीच्या कमरेकडे बघा. पाय थापा मारतात, कंबर नाही." खराडीतल्या ऑफिसात कोणी फारच गोड बोलायला लागलं, की आजही माझी नजर आधी तिकडे जाते.

त्यांच्या घरी चहाला गेलं की चाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, विषय काढायच्याच. "लग्नात म्हणाले होते, तुझ्यासाठी एक गोल मारीन. चाळीस वर्षं झाली."

सर पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "तारीख सांगितली नव्हती."

गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला तेव्हा सरांनी शिकवणं सोडायचं ठरवलं. आम्ही निरोपाची मॅच ठेवली आणि कट केला: चाचींच्या देखत सरांकडून गोल मारून घ्यायचा. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बॉल सरांच्या पायाशी, गोलकीपर बुटाची नाडी बांधायला बसलेली, समोर मोकळं जाळं आणि कडेला खुर्चीवर चाची. सरांनी एकदा गोलकीपरकडे पाहिलं, एकदा चाचींकडे, आणि बॉल असा हाणला की कुंपणावरून जाऊन तो रस्त्यावरच्या रिक्षात पडला.

"हिला आधी उभं राहायला शिकवा," म्हणाले आणि लंगडत बाहेर गेले. मला भयंकर राग आला. आमचं जाऊ दे, त्या बिचाऱ्या बाईंसाठी तरी मारायचा!

गेल्या थंडीत सर गेले. मी चाचींना भेटायला गेले तेव्हा मला रडू आवरेना. म्हटलं, "चाची, तुमचा गोल राहूनच गेला हो."

चाचींनी ओढणीने डोळे पुसले. "अगं, मीच बजावलं होतं त्यांना. तुमच्यातल्या एकीच्या तरी पोटात काही राहतं का? आदल्या दिवशीच मला कळलं सगळं. म्हटलं, पोरी मुद्दाम सोडणार आहेत. असला फुकटचा गोल घेऊन घरी आलात तर चहा मिळणार नाही."

मग म्हणाल्या, "त्या दिवशी दोन कप प्यायले."