हळदीचा डाग

हिंगोलीच्या एका हळदीच्या आडत्याकडं मी ड्रायव्हर म्हणून लागलो, तेव्हा मोटार आतून साफ करायला मला एका म्हाताऱ्यानं शिकवलं. माणूस मला कधीच आवडला नाही. गादीला फडकं लावण्याआधी तो ती हुंगायचा. फटीतलं कुसळ तळहातावर घेऊन म्हणायचा, "काल औंढ्याकडं गेलतास व्हय?" आणि ते बराबर निघायचं. निजामी अंमलाचं ते शेवटचं वर्ष. हा पोलीस अमीनाचा खबऱ्या असणार, हे मी मनाशी धरूनच होतो.

एक गोष्ट मात्र तो रोज बजावायचा. "हळदीच्या डागाला साबण लावू नको, लाल होतो. उन्हात ठिव, आपोआप जातो."

एकदा मी सरहद्दीकडून निजामाविरुद्ध लढणारा एक जखमी माणूस मोटारीत लपवून आणला. गरम पाण्यानं किती घासलं तरी गादीवर लाल डाग राहिला. सकाळी अमीन दारात उभा. डागावर बोट ठेवून म्हणाला, "ये क्या है?"

म्हातारा पुढं झाला.

"हळद हाय, साहेब. या येड्यानं साबण लावला." त्यानं गादीखाली सांडलेली हळद शेजारी चोळली, वर ओला साबण फिरवला. पिवळं लाल झालं. अमीन निघून गेला.

आता हा काय मागतो, म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यानं बादली पुढ्यात ओढली.

"रगताला थंड पाणी अन् मीठ. हे शिकवायचं ऱ्हाऊन गेलतं."

ते तो कुठं शिकला, हे विचारायची छाती माझी कधीच झाली नाही.