सुनंदाच्या वहीतलं कोरं पान

परवा मंगळवारी खांडबाऱ्याला जाऊन आलो. सुनंदाच्या शाळेतल्या कपाटाची किल्ली परत करायची होती... अडीच महिने ती माझ्याच खिशात होती.

सुनंदा म्हणजे माझी बायको. तिथल्या शाळेत शिकवायची, नंदुरबारहून रोज पॅसेंजरने जा-ये करायची. अचानक गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

किल्ली कोणाच्याही हाती पाठवता आली असती. पण मी घरातच बसून असतो म्हणून बहीण रोज फोन करून रागावते, "भाऊ, कितला दिन असा बठी ऱ्हाशी?" तिला उत्तर देण्याचाही कंटाळा येतो हल्ली. म्हणून गेलो.

गाडीत सुनंदाची वही उघडली. शाळेतल्या मुलींना वाचून दाखवायला ती एक गोष्ट लिहीत होती. गावोगाव फिरून चाळण्या विकणाऱ्या एका म्हातारीची. आता ही म्हातारी कोणत्या देवाला हात जोडते, असा प्रश्न आला. कोणताही धर्म लिहिला तरी कोणीतरी दुखावणार. मग सुनंदाने त्या म्हातारीसाठी एक नवीनच धर्म तयार करायला घेतला.

त्या धर्मात देव नाही, देऊळ नाही. प्रत्येकाने रोजच्या वापरातली एक वस्तू आपला साक्षी म्हणून निवडायची. तिच्यासमोर खोटं बोलायचं नाही, बस.

मी जन्मभर मोजणी खात्यात कारकुनी केली. मला गोष्टीतलं काही कळत नाही, पण कागदातल्या त्रुटी दिसतात. जेवताना ती नियम सांगायची आणि मी त्रुटी काढायचो. साक्षी हरवला तर? सात दिवस मौन, मग नवा निवडायचा. आणि दोघांनी एकच साक्षी निवडला तर? ती हसून म्हणाली, "मग ते लग्न समजायचं." माझा साक्षी कोणता, असं तिने विचारलं तेव्हा मी स्कूटर म्हणालो होतो. तिला ते पसंत पडलं नव्हतं, तरी वहीत लिहून घेतलं...

एकदा तिने विचारलं, "अहो, माणूस मेल्यावर त्याच्या साक्षीचं काय करायचं?" मी पेपर वाचत होतो. म्हणालो, नंतर बघू.

वहीत तो प्रश्न तसाच आहे. पुढे लिहिलंय, 'ह्यांना विचारणे.' खाली पान कोरं. अडीच महिन्यांत ते पान मी किती वेळा उघडलं असेल... एकही ओळ सुचली नाही.

शाळेत किल्ली दिली, सही केली. निघणार तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या रमिलाबाईंनी व्हरांड्यात बसवलं आणि चहा आणला. स्टीलचा ग्लास, काठाला एका बाजूने पोचा आलेला. चहा देऊन त्या गेल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या.

"सर, हा बाईंचा साक्षी."

साक्षीचं तुम्हाला कोणी सांगितलं, असं मी विचारलं.

"बाईच सांगायच्या ना. तुमचा धरम वेगळा, त्यात देव नाही, वस्तू असते." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "मी कोणाला नाही बोलले हां, सर. लोक नावं ठेवतात. बाई गेल्यावर तुमच्या दारावर आले होते तेव्हा फोटोला हार, दिवा, सगळं आमच्यासारखंच होतं. मी समजले, लोकांसाठी करत असतील."

म्हणजे इतके दिवस या बाई आमचा धर्म लपवून ठेवत होत्या! खूप दिवसांनी मला हसू आलं.

रमिलाबाई पुढे सांगत होत्या. "बाईंनी मला विचारलं होतं, माणूस गेल्यावर साक्षीचं काय करायचं. म्हणे, सर सांगणार आहेत, पण तोवर तू सांग. मी बोलले, भांडं पालथं पडू द्यायचं नाही. रोज बाहेरून जो पहिला माणूस येईल, त्याला त्यात चहा द्यायचा. बाईंना आवडलं ते... आज बाहेरून तुम्हीच पहिले."

मी नंतर बघू म्हणालो होतो. तिने माझी वाट पाहिली आणि मग ज्या बाईला वेळ होता तिला विचारलं. यात रमिलाबाईंची काही चूक नाही, सुनंदाचीही नाही.

ही नुसती एक गोष्ट होती, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण हातात तिचा ग्लास होता. त्याच्यासमोर खोटं बोलायचं नाही... चहा पिऊ लागलो.

अर्धा झाल्यावर सवयीने त्रुटी निघालीच. "एखाद्या दिवशी कोणीच आलं नाही तर?"

"येतंच की कोणी ना कोणी. काल वायरमन आला होता. दोनदा घेतला त्याने चहा."

जाताना त्यांनी ग्लास घासून, पुसून माझ्यापुढे धरला. तुमचाच आहे, घेऊन जा म्हणाल्या. मी नको म्हणालो. घरी कोण येतं आता... तिथे तो पालथाच पडून राहिला असता.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. कोऱ्या पानावर रमिलाबाईंचा नियम त्यांच्याच शब्दांत उतरवला, खाली त्यांचं नाव लिहिलं. गोष्ट पूर्ण करणं मला जमणार नाही, पण हे पान आता कोरं नाही. रमिलाबाई फेसबुकवर नाहीत, तरी त्यांचे आभार इथे मानतो.

मागच्या पानावरची स्कूटर खोडून माझी नवी नोंदही केली. साक्षी : स्टीलचा ग्लास, काठाला पोचा, मुक्काम खांडबारा.

दोघांचा एकच चालतो. नियम वहीत आहे.