आबांचं पोट आणि माझा श्वास

माझ्या वडिलांच्या पोटाची तपासणी माझ्या पोटावर झाली.

आबा मोहोळजवळच्या गावी राहतात. त्यांच्या पोटात सारखी जळजळ, ताटात अर्धी भाकरी तशीच. माझे थोरले चुलते पोटाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा सुरुवात अशीच झाली होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आबांना सोलापूरला माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, "आधी जंतू आहेत का बघू. जंतू असले तर श्वासातच कळतं, नुसता श्वास तपासायचा. घशातून नळी घालून पोट बघायचं ते नंतर, गरज पडली तर."

त्याआधी काही दिवस पित्ताच्या गोळ्या बंद. (आबांनी जळजळ सोसली, मी आबांना.)

तपासणीच्या सकाळी आबा उपाशी, म्हणून मीही उपाशी. लॅबमधल्या मुलीने पिशवी आणि औषधाचा पेला दिला. "आधी हिच्यात फुंकायचं, मग हे प्यायचं. अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकायचं," असं सांगून ती आत गेली.

"फुगं फुगवायचं वय हाय का माझं?" आबा म्हणाले.

"सोपं आहे, बघा." मी फुंकून दाखवलं. पिशवी टम्म फुगली.

आबांनी पेल्याचा वास घेतला. "ह्यात काय घातलंय?"

"लिंबू सरबतासारखं आहे." मी घोट घेतला.

"अजून पी की. एका घोटानं काय कळतंय?"

मी प्यायले. रडकुंडीला आलेलं माणूस काहीही पितं.

मुलगी परत आली. "वा आजोबा, संपवलंत की."

"म्या न्हाय. तिनं पिलं."

किट तेवढं एकच उरलं होतं. मुलीने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "घरात एकाला असेल तर दुसऱ्यालाही असू शकतं. आता त्यांच्या मुलीचीच तपासणी होऊ दे." मी मान खाली घालून दुसरी पिशवी फुगवली. आबा शेजारून सांगत होते, "जोरात फुक."

माझ्या पोटात जंतू निघाले.

मग आबांची शौचाची तपासणी झाली. त्यात ना जंतू होते, ना रक्त. रिपोर्ट वाचून मी लॅबच्या जिन्यातच बसून रडले. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर कळलं, आबा गुडघ्यासाठी गुपचूप दुखण्याच्या गोळ्या खात होते, त्या गोळ्यांनीच पोट जाळलं होतं. त्या बंद केल्यावर आबा दोन भाकरी खाऊ लागले. मी सकाळ-संध्याकाळ मूठभर गोळ्या गिळत होते आणि तोंड कडूजहर झालं होतं.

एके दिवशी गावाकडून आत्या आणि चार पाव्हणे केळी घेऊन दारात. मी म्हणाले, "आबा बरे आहेत आता."

"त्याला काय झालंय?" आत्या म्हणाली. "त्यानंच फोन केला की. पोरीच्या पोटात किडं झाल्यात, सोबतीला म्हणून हितं राहिलोय म्हणं."

मी निमूट आत जाऊन अंथरुणावर पडले. एवढी माणसं एवढ्या लांबून आली होती. आजारी दिसायला नको का?