न आवळलेले बोल्ट

परवा एसीवाल्याने तांब्याची नळी लाल होईस्तोवर तापवली आणि त्या वासासरशी मी जयपूरला, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जाऊन पोचलो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

एका ट्रकच्या डिझेल इंजिनाला आम्ही जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा टर्बो बसवला होता. वाढलेल्या दाबाने हेडखालचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, सांधा घट्ट ठेवणारं गॅस्केट दोनदा फुटलं, म्हणून मी प्रत्येक सिलिंडरभोवती खाच पाडून तापवून मऊ केलेल्या तांब्याच्या तारेचं कडं बसवलं. इंजिन एकदा तापून निवलं की हेडचे सैल पडलेले बोल्ट पुन्हा आवळायचे, हे मीच सगळ्यांना शिकवायचो. पण निवेपर्यंत संध्याकाळ झाली असती, आणि बायको विद्याधर नगरात भाड्याचं घर बघायला माझी वाट पाहत उभी होती.

त्या ट्रकचे ड्रायव्हर भंवरजी यांनी विचारलं, "साहब, ले जाऊँ?"

"ले जाओ," मी म्हणालो.

जयपूरबाहेर, बगरू गावाच्या पुढे गॅस्केट पुन्हा फुटलं. इंजिन तापलेलं पाहून त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी त्यांच्या तोंडावर उसळलं.

महिन्याभराने ते वर्कशॉपच्या दारात आले. एक डोळा कायमचा मिटलेला, गालावर गुलाबी, नवी कातडी. हात जोडून म्हणाले, "माफ़ करना साहब, मेरे हाथ से आपका इंजन बिगड़ गया."

बोल्ट पुन्हा आवळले नव्हते, हे एकट्या मला ठाऊक होतं. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

"कोई बात नहीं, भंवरजी," असं म्हणून मी त्यांना माफ केलं.