बाकावरचा एक तास

विद्यापीठात तिला सगळे हळूबाई म्हणत. ती हळू चाले, हळू बोले, आणि समोरचा बोलायचा थांबला तरी त्याच्या मनात उरलेलं वाक्य बाहेर यायची वाट पाहत बसे. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. तो म्हणे, "जगाची घड्याळं मी पुढे आणली, घरातलं एक मात्र मागेच पडतं."

ग्रंथालयामागे जिन्याखाली तिची खोली होती. दुपारी काचेतून इतका मऊ उजेड येई, की आत आलेला माणूस आपण कशासाठी आलो हेच विसरे. तिचं काम सांगायला सोपं होतं. विद्यार्थ्यांनी कुणाच्या तरी उपयोगी पडत आपला विषय शिकावा, मग काय उमगलं ते वर्गात मांडावं. तसा अभ्यासक्रम बेतायला प्राध्यापकांना मदत करायची. सहा वर्षांत फार थोडे प्राध्यापक तिच्याकडे वळले. बाकीचे नाकं मुरडत. म्हणून संख्याशास्त्राचे सर आपणहून आले, तेव्हा ती हरखून गेली.

आणि तिथेच घोटाळा झाला. पलीकडच्या वस्तीतल्या दवाखान्यात रांग एवढी लांब का लागते, ते शोधायला सरांनी पंधरा विद्यार्थी पाठवले. प्रत्येकाच्या हाती बेचाळीस प्रश्नांचा कागद. आजारी माणसं भली. एकेका प्रश्नावर थबकत, आठवून आठवून सांगत. नंबर पुकारला तरी "एवढं पुरं करून आलोच" म्हणत. त्या मंगळवारी रांग फाटकाबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या सिस्टरचा फोन आला. "बाई, तुमची पोरं रांग मोजायला आली होती की वाढवायला? आता पुन्हा दारात पाऊल नको."

सरांनीही हात झटकले. "माझा विषय फळ्यावरच बरा. उद्या लिहून देतो, उपक्रम बंद."

हळूबाईला पुढचं दिसत होतं. सरांनी सोडलं की काठावरचे बाकीचेही सोडणार. सहा वर्षं पाण्यात. त्याहूनही जास्त एक गोष्ट तिला डाचत होती. तो कागद तिने आधी वाचला होता. लांब वाटला होता. पण एवढ्या विद्वान माणसाला कसं सांगायचं, म्हणून "छान आहे सर" म्हणून मोकळी झाली होती.

"लिहून द्या," ती म्हणाली. "पण आधी एक तास माझ्याबरोबर दवाखान्यात बसा."

"बसून काय करायचं?"

"काही नाही."

"काही न करण्याचा मला पगार मिळत नाही, बाई."

"मला मिळतो ना. चला."

सिस्टरने दोघांना दारातच अडवलं. बऱ्याच विनवण्यांनंतर म्हणाली, "बसा. पण यांच्या हाती कागद दिसला तर सुई टोचीन."

दोघं भिंतीकडच्या बाकावर बसली. वर पंखा संथ फिरत होता. खिडकीतलं ऊन फरशीवरून एका चपलेवरून दुसऱ्या चपलेवर सरकत होतं. कुणी खोकलं की लांबून कुणी खोकून उत्तर देई. शेजारच्या आजोबांनी सरांना विचारलं, "शुगर का?" सरांनी नकळत मान डोलावली. मग त्यांचे डोळे अर्धवट मिटले. झोप नव्हे आणि जागही नव्हे, अशा अवस्थेत रांग त्यांना पाण्यासारखी वाहताना दिसू लागली. त्या पाण्यात काही माणसं अंग सावरत पुढे सरकत होती, काही नुसतीच येत, खिडकीतून एक पाकीट घेत आणि निघून जात.

"बाई," ते कुजबुजले, "ही एक रांग नाही. दोन आहेत. तपासायला आलेले आणि नुसता रिपोर्ट न्यायला आलेले, एकमेकांत गुंतलेत. हे मी बेचाळीस प्रश्नांत कुठेच विचारलं नाही."

"मला तो कागद लांब वाटला होता, सर. बोलायची हिंमत झाली नाही."

सर तिच्याकडे वळले. "यापुढे बोलत जा," म्हणाले. मग उठले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. सिस्टरच्या खिडकीपाशी पोचायला त्यांना पाऊण तास लागला.

"चुकलं आमचं, सिस्टर. रिपोर्टवाले याच रांगेत येतात ना?"

"ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे! वेगळी खिडकी मागितली, तर वरचे साहेब म्हणतात, किती माणसं ते आकड्यांत दाखवा. मी सुया टोचू की माणसं मोजू?"

"मोजायचंय?" सरांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "तेवढंच तर येतं आम्हाला."

सिस्टरने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "चौघं पाठवा. बाकावर बसणारी, न बोलणारी."

"आमच्या विषयात तशीच जास्त," सर म्हणाले.

हळूबाई बाकावरच बसून होती. ऊन आता तिच्या पायांशी आलं होतं. सर परत येईपर्यंत तिला उठावंसं वाटलं नाही.