काचेच्या पायांचा पाट

चहाची बशी आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना सांडाल. ही फजिती मी बायकोसमोर कधी सांगत नाही. सांगायची गरजच नाही, ती तिथं हजर होती आणि तीच गावभर सांगते!

गोष्ट आपला वऱ्हाड मध्यप्रांताबरोबर नांदायचा, कारभार नागपुरातून चालायचा, तेव्हाची. मी दुसरबीडच्या शाळेत मास्तर होतो. मॅट्रिकला शास्त्रात पहिला आलो होतो, आणि हे कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. लग्न नुकतंच झालेलं. बायको यशोदा, सोनाळ्याची. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला माहेरी गेली ती गेलीच.

का? तर माझ्या कंबरेमुळे!

म्हणजे असं, की तिला आणायला गेलो तेव्हा सासऱ्यांना मी दुरूनच हात जोडले. शिकलेल्या माणसानं वाकायचं कशाला, अशी तेव्हाची माझी अक्कल. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, मोठे कास्तकार, घरची बक्कळ शेती. मिशा अशा की दोन्ही टोकांवर लिंबू ठरावं. त्यांनी आमरस पोटभर वाढला आणि सकाळी मला एकट्यालाच वाटेला लावलं. मागून निरोप आला, "जवाईबापूची कंबर लवली, की पोरगी पाठवू."

तीन आठवडे मी हातानं भाकरी थापल्या. भाकरी कसल्या, भूगोलाचे नकाशेच! यशोदेची इतकी आठवण यायची की काय सांगू. अखेर दुसरा निरोप आला. मामाजी तिला घेऊन शेगावला दर्शनाला येणार होते आणि मी स्टेशनजवळ भेटायचं होतं.

ठरवलं! दिसताक्षणी पाय धरायचे. अक्कल गेली खड्ड्यात, बायको घरी आली पाहिजे. दुसरबीडहून मोटारीत बसल्या बसल्या मी वाकायचा सराव केला. समोरच्या बाईंना वाटलं पोटात दुखतंय, त्यांनी बिचाऱ्यांनी ओवा दिला.

शेगावला पोचलो तर दोन तास हातात. आणि स्टेशनजवळच कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या शेडवर फलक! 'शास्त्राचे प्रदर्शन. हात लावा, फिरवा, पाहा.'

हात लावा! अहो, त्या काळी सरकारी वस्तूवर 'हात लावू नये' याखेरीज दुसरं काही लिहिलेलं मी पाहिलंच नव्हतं. मी आत घुसलो. भिंगातून मुंगी पाहिली, बकरीएवढी दिसली. लोखंडी तुळईला चिकटलेल्या लोहचुंबकाला लटकलो, तो सुटेना. आणि कोपऱ्यात होतं विजेचं यंत्र! दोन काचेच्या चकत्या, एक मूठ, एक पितळी दांडी. शाळेत विजेचा धडा मी तीनदा शिकवला होता, पण वीज जन्मात पाहिली नव्हती. दुसरबीडला तेव्हा कंदील होते.

यंत्र चालवायला नागपूरहून आलेले मास्तर म्हणाले, "या, पाटावर उभे राहा."

पाटाला काचेचे पाय होते, म्हणजे अंगात भरलेली वीज जमिनीत उतरत नाही. मी दांडी धरली, त्यांनी मूठ फिरवली. डोक्यावरचे केस असे उभे राहिले! लोक टाळ्या पिटू लागले. मी आनंदानं ओरडलो, "अजून फिरवा, अजून!"

आणि दारात मामाजी. मागे यशोदा.

तीन आठवड्यांच्या भाकऱ्या डोळ्यांपुढे आल्या. मामाजी अनवाणी पाटापाशी आले मात्र, मी दांडी सोडली, पाटावरूनच खाली वाकलो आणि त्यांच्या अंगठ्याला हात लावला.

फट्!

ठिणगी उडाली, मामाजी त्याहून उंच उडाले.

"चिमटा! भरल्या लोकात मले चिमटा घेतला यानं!"

"नाही हो मामाजी, वीज होती ती!"

"वीज आभायात रायते, मास्तर. तुमच्या बोटात कुठून आली?"

झटका मलाही बसला होता, पण जावयाचं दुखणं कोण विचारतो? त्यांनी माझा हात धरून नखं तपासली. बाभळीचा काटा लपवलाय का, म्हणून बाह्या झटकल्या. मी म्हटलं, साधी गोष्ट आहे, आता अंगात वीज उरलेली नाही, दाखवून देऊ. पाटावरून उतरलो आणि पुन्हा पाया पडलो. काहीच झालं नाही.

"पाहा!" मी म्हणालो.

"पाह्यलं ना! आता लोक पाहून राह्यले, म्हून चिमटा नाही घेतला!"

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. पण मॅट्रिकला शास्त्रात पहिला! निर्दोष ठरायचं तर पुन्हा वीज भरून घेणं भाग होतं. चढलो, केस उभे केले, वाकलो. फट्! मामाजी कळवळले. मी म्हणालो, "आता पटलं?"

"दोन खेप चावले, अन् विचारते पटलं का! चाल वं यशोदे, आपली गाडी जुंप म्हना!"

मी यशोदेकडे पाहिलं. तिनं पदर तोंडात कोंबलेला, खांदे गदगदा हलतायत. मला वाटलं रडतेय. जवळ जाऊन पाहतो तर बाई हसत होती!

तेवढ्यात गर्दीतला एक म्हातारा बोलला, "पाटील, तुमी काऊन चढत नाही वर? मंग समजन ना कोन चावते ते."

मामाजी थबकले. धोतर सावरून पाटावर चढले आणि दांडी धरली. नागपूरच्या मास्तरांनी मूठ फिरवली. पागोट्यामुळे केसांचं समजलं नाही, पण मिशा! एकेक केस वेगळा होऊन फुलला. सगळं शेड "अहाहा" म्हणालं. मामाजींचा चेहरा दसऱ्यासारखा उजळला.

"या जवाईबापू. पडा पाया."

पडलो. फट्! मी कोलमडलो. आता शास्त्र असं की झटका दोघांनाही बसतो, पण मामाजी ओठ दाबून देवासारखे उभे.

"अजून एक डाव."

फट्!

"कंबर बरी लवून राह्यली! फिरवा जी मास्तर, थांबू नका."

अकरा वेळा, मंडळी! दर्शनाला आलेली माणसं बाहेरच्या माणसांना बोलावून आणत होती. अकराव्या खेपेला मामाजी खाली उतरले, मला मिठी मारली, आणि म्हणाले, "घेऊन जा पोरगी. जवाई सोन्यासारखा हाय." मला इतका आनंद झाला की बोटं बधिर झाल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं.

इथं संपलं असतं तर लाज राहिली असती.

दिवाळसणाला सोनाळ्याला गेलो. ओसरीवर सगळं गणगोत जमलेलं. मध्ये चार जाड काचेच्या बरण्या, त्यांवर साधा जेवायचा पाट, आणि पाटावर अंगठा पुढे काढून मामाजी उभे. यंत्र नाही, चकत्या नाहीत, दांडी नाही. त्या पाटात वीज असणं शक्यच नव्हतं, हे मला धड्यासकट पाठ होतं.

मी हसत हसत वाकलो. बोट अंगठ्यापासून वीतभर दूर होतं, आणि माझ्या तोंडून किंकाळी फुटली, "आई गं!" आणि मी मागच्या मागे, अनारशांच्या ताटात!

ओसरी हसून लोळली. सर्वांत जोरात यशोदा. मामाजी मात्र शांतपणे पाटावरून म्हणाले, "काऊन जी मास्तर? आता वीज कुठून आली?"

मॅट्रिकला शास्त्रात पहिला आलो होतो, हे त्या दिवसापासून कुणी विचारलं तरी मी सांगत नाही.